कोरी पाठ

"यावर नाव शिवून मिळेल का?"

"आज शिवणं बंद, फक्त उसवणं," ब्रोन्या मान वर न करता म्हणाली. "रांगेत थांबा."

रांग खरंच होती. गावाच्या लाडक्या बेसबॉल संघाचा, स्टीमर्सचा, हुकमी पिचर फेरांटे आदल्या दिवशी लॉस एंजेलिसच्या संघात गेला होता. हिवाळा आला की हे ठरलेलंच. करार संपलेले खेळाडू मोकळे होतात, आणि मोकळ्या झालेल्या खेळाडूला बफेलोचा बर्फ अचानक बोचायला लागतो. बाकीच्या गावांत लोक गेलेल्याच्या नावाची जर्सी जाळतात. बफेलोच्या वेशीवरच्या या तळ्याकाठच्या गावात जाळत नाहीत. "चांगलं कापड जाळायला आपण काय लॉस एंजेलिसचे आहोत?" असं ब्रोन्याचे वडील, स्टॅश विल्चेक, विचारत. त्यामुळे लोक जर्सी घेऊन विल्चेकांच्या दुकानात येत, शेगडीजवळच्या स्टुलावर बसत आणि पाठीवरचं शेवटचं अक्षर सुटेपर्यंत त्या खेळाडूचा उद्धार करत. मग मोकळ्या मनाने घरी जात. कापडावर टाक्यांच्या भोकांची पुसट सावली तेवढी उरे.

"मला उसवायचं नाहीये," तो आवाज पुन्हा म्हणाला. "ही कोरीच आहे. हॉलिसचं नाव हवंय."

मग तिने वर पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचा जाड काळा कोट, पापण्यांवर न वितळलेला बर्फ, आणि डोळे असे की माणूस कित्येक दिवस झोपला नसावा. तरीही बरा दिसत होता. बराच बरा.

तिने जर्सी उलटी केली. पाठीवर लालभडक अक्षरांत हॉलिसचं नाव होतं. तिनेच शिवलेलं, तिचाच तिरपा टाका.

"मुलींशी ओळख काढायची ही नवी तऱ्हा वाटतं?" ती म्हणाली. "आधी माझं नाव विचारायचं असतं. हॉलिसचं नाही."

रांगेतली माणसं हसली. तो हसला नाही. त्याने हातमोजा काढला आणि बोट कापडावर ठेवलं. पहिल्या अक्षराच्या कडेला ते अडखळलं, मग आंधळ्याच्या बोटासारखं हळूहळू पुढे सरकत गेलं.

"इथे आहे?" त्याने विचारलं.

"आहे की."

"म्हणजे... तोही," तो पुटपुटला. जर्सी गुंडाळून तो बाहेर पडला. दार बंद झाल्यावरही त्याच्यावरची घंटा कितीतरी वेळ किणकिणत राहिली. वाऱ्याने असेल, असं ब्रोन्याने मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओने सांगितलं, हॉलिस टेक्सासला गेला.

स्टॅशने टोपी शेगडीवर फेकली आणि जळायच्या आत स्वतःच धावत जाऊन उचलली. "टेक्सास? तिथे काय आहे? गाई! दिवसभर गाईंकडे बघत बसणार आहे तो?"

"मी त्याच्या गुडघ्यासाठी नऊ दिवस प्रार्थना केली होती," मिसेस दुदेक म्हणाल्या. त्यांचं घर दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पण हिवाळाभर त्या शेगडीपाशीच असत. "माझ्या प्रार्थनेने गुडघा बरा झाला, आणि त्याच गुडघ्याने पळाला मेला. पोरी, पुढच्या वेळी मी अर्धाच बरा करणार."

सगळे खो खो हसले. ब्रोन्याही हसली, पण शेगडीपाशी बसली असूनही तिच्या पाठीतून गार लहर गेली.

तो पुन्हा आला तेव्हा दुकानात गर्दी नव्हती. कोटाच्या पाठीवर, खालच्या कडेला, त्याच्या आडनावाची पट्टी सुटून लोंबत होती. ती शिवायला आणली होती म्हणे. नाव ओवेन मॅगार्व्ही. शहरातल्या धान्याच्या गिरणीत नोकरी, आणि गावाचा भोंगा वाजला की आगीची गाडी.

"शिवते," ब्रोन्या म्हणाली. "पण आधी हॉलिसचं सांगा. टेक्सासच्या मालकाशी तुमचं नातं आहे का?"

"सांगितलं तर वेडा म्हणाल."

"ते तर मी परवाच म्हटलंय. वर तातोंनी, माझ्या वडिलांनीही म्हटलंय, तेही पोलिशमध्ये."

आता कुठे तो हसला. मग कोटाकडे बघत, थांबत थांबत त्याने सांगितलं. जो जाणार असतो, त्याचं नाव त्याला दिसेनासं होतं. पाठीवर नुसतं कापड दिसतं. आगीच्या गाडीवरच्या दोस्तांनी हॉलिसची म्हणून ती जर्सी भेट दिली आणि त्याने उघडली तर कोरी. दोस्त थट्टा करतायत की... तेवढी खात्री करायला तो आला होता.

"आणि तुमचं स्वतःचं नाव?"

"स्वतःची पाठ कोणाला दिसते?" तो म्हणाला.

दुकानात बाप-लेक दोघंही स्टीमर्सच्या धाटणीचे सदरे घालत, पाठीवर विल्चेक. ब्रोन्या जागची उठली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. चेष्टा म्हणूनच, पण उत्तर येईपर्यंत तिने श्वास रोखून धरला होता.

"विल्चेक," त्याने वाचलं. आवाजात हसू होतं. "अजून इथेच."

"कुठे जाणार? बाहेर बर्फ बघितलास का?" ती म्हणाली. आपण 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी घसरलो, ते तिच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आलं.

त्यानंतर तो रोजच येऊ लागला. गिरणी सुटली की अंगाला भाजलेल्या ओट्सचा वास घेऊन दारात उभा राहायचा. ब्रोन्या मशीनवर पाठमोरी बसलेली असायची. घंटा वाजली की तिचे हात थांबायचे, आणि मागून आवाज यायचा, "विल्चेक. अजून इथेच." मग ती पाय दाबायची आणि मशीन पुन्हा धावायला लागायचं. मिसेस दुदेक विणकामातून डोळे वर न काढता म्हणायच्या, "हा मुलगा साक्षर आहे हे कळलं आता. रोज रोज परीक्षा कशाला?"

तळ्याच्या धक्क्यावर दोघं फिरायला जायची. तळं गोठत आलं होतं आणि बर्फाखालून कण्हल्यासारखा आवाज यायचा. एकदा पांढरं वादळ इतकं दाटलं की हातभरावरचा कठडाही दिसेना, आणि त्या पांढऱ्यात वर कुठेतरी वीज चमकली. ब्रोन्याने त्याचा कोट घट्ट धरला.

"घाबरलीस?"

"छे. तू हरवशील म्हणून धरलं. तुला नाव वाचता येत नाही, घर कसं सापडेल?"

"आवाज देत राहा," तो म्हणाला. "आवाज कधी हरवत नाही माझ्याकडून." मग त्याने तिचा मफलर नीट केला, आणि नीट करता करता तिचं थंडगार नाक... आणि मग ओठ. भुरभुरता बर्फ दोघांच्या चेहऱ्यांमध्ये शिरायला जागा शोधत राहिला.

प्रेम असं गुपचूप वाढत होतं, आणि त्याला चिकटून ती भीतीही. दुकानाच्या काचेत डॅनी कुझाराची जर्सी टांगलेली होती. कुझारा गावचा पोरगा, चर्चमागच्या गल्लीत वाढलेला. त्याचाही करार संपला होता, पण त्याची काळजी कोणालाच नव्हती. ओवेन मात्र काचेसमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा.

"तातो, कुझारा जाणार," ब्रोन्या एकदा वडिलांना म्हणाली.

"कोण, डॅनी? अगं, त्याची आई इथे, आईच्या हातचे गरमागरम पिएरोगी इथे. पिएरोगी सोडून कोणी जातं का?"

कुझारा न्यूयॉर्कला गेला. लोक जर्स्या घेऊन आले, स्टुलावर बसले, पण कोणी एक शिवी दिली नाही. दिवसभर दुकानात टाके तुटण्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. डॅनीची आईही आली. जर्सी पुढे करून म्हणाली, "माझी उसवू नकोस हं. जरा पक्की शिव. आडनाव माझंही आहे." ब्रोन्याने दुहेरी दोरा घातला. तिला पुढचं नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

त्या रात्रीच्या जेवणानंतरही तिने वडिलांना एक गोष्ट सांगितली नाही. सॅन डिएगोच्या एका मोठ्या नाट्यगृहाने तिला बोलावलं होतं. नाटकांचे कपडे शिवायचे, राण्यांचे झगे, सैनिकांचे अंगरखे, आणि नाव एकाचंही उसवायचं नाही. शरद ऋतूत तिने हौसेने नमुने पाठवले होते, तेव्हा ओवेन नव्हता. आता उत्तर द्यायची मुदत संपत आली होती आणि ती नाही म्हणणार होती. तिने ठरवलंच होतं. बाप इथे आहे, आणि ओवेन इथे आहे, मग तिकडचा सूर्य घेऊन काय चाटायचाय?

पुढच्या आठवड्यात एका दुपारी तिच्या सदऱ्यावर कॉफी सांडली. तिने तो धुवायला टाकला आणि मिसेस दुदेकचा जुना लाल स्वेटर चढवून मशीनवर बसली. घंटा वाजली. ओट्सचा वास आला.

"विल्चेक," मागून आवाज आला. "अजून इथेच."

ब्रोन्याचे हात मशीनवरच राहिले. स्वेटरवर ना नाव होतं, ना आकडा. नुसती लाल लोकर.

तिने वळून पाहिलं. त्याचा चेहरा हसराच होता. तिने काय घातलंय याकडे त्याचं लक्षच नव्हतं. पाठीवर काही नसणं त्याच्या डोळ्यांना इतकं सवयीचं झालं होतं की आज खरंच काही नाही, हे त्याला कळलंच नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"ओवेन, हा स्वेटर आहे. मिसेस दुदेकचा. याच्यावर आयुष्यात कोणी नाव शिवलेलं नाही."

त्याचं हसू ओसरत गेलं. शेगडीत कोळसा फुटला आणि दोघंही दचकली.

"कुझारा गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," तो म्हणाला. "तातोंचं दिसतं. तुझं... नाही."

"आणि तू रोज येऊन खोटं वाचत होतास."

"काय करू मग? तू श्वास रोखून बसतेस. मला कळतं."

ब्रोन्याला राग यायला हवा होता. पण त्याच्याकडे पाहिल्यावर राग आला नाही. "एवढा का घाबरलायस? खेळाडू जातात, मजेत राहतात. हॉलिस गाई बघतोय."

"सगळे तसे जात नाहीत," तो म्हणाला. बराच वेळ तो हातमोज्याचा अंगठा आत-बाहेर करत राहिला. "माझा मोठा भाऊ, फिन. आम्ही एकाच गाडीवर होतो. एकदा पुढे चाललेला असताना त्याच्या कोटावरचं नाव मला दिसेना. मला वाटलं, काजळी असेल. मग वाटलं, गाव सोडणार असेल, बोलला नाही आपल्याला. मी रुसलो त्याच्यावर. विचारलं नाही, सांगितलं नाही. त्याच आठवड्यात फर्निचरच्या गोदामाला आग लागली, आणि छत..."

पुढचं त्याने सांगितलं नाही. गावातल्या सगळ्यांनाच ते ठाऊक होतं.

"मला दोन्ही सारखीच दिसतात गं," तो म्हणाला. "टेक्सासला जाणारी पाठ आणि तशी जाणारी पाठ. दोन्ही कोऱ्या."

ब्रोन्या मटकन स्टुलावर बसली. ज्या स्टुलावर गाव बसायचं, त्याच. मग तिने त्याला सॅन डिएगोचं सांगितलं. बोलता बोलता तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं, आणि ती मध्येच थांबली, कारण पुढचं वाक्य होतं, 'आणि मी नाही म्हणणार आहे.'

नाही म्हटलं, राहिली, तरी पाठ कोरीच. मग हे जाणं कुठलं, फिनचं?

त्याच्याही ते लक्षात आलं. तो एकदम तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि तिचे दोन्ही हात धरले. "हो म्हण. आत्ता फोन कर. जा तू."

"लोक गुडघ्यावर बसून वेगळं काहीतरी विचारतात."

"तेही विचारलं असतं. ब्रोन्या, माझं तुझ्यावर इतकं प्रेम आहे की तू तीन हजार मैलांवर जिवंत असलेली मला चालेल. इथे माझ्याजवळ, आणि रोज मी पाठ बघतोय... ते मला झेपणार नाही."

"आणि तू चल माझ्याबरोबर."

त्याने मान हलवली. "फिनची जागा मी घेतलीय गाडीवर. मी गेलो तर ती रिकामी राहील. आईला मी शब्द दिलाय."

तिने फोन केला. पलीकडची बाई उन्हात बसून बोलत असावी असा तिचा आवाज होता. ब्रोन्या "हो" म्हणाली, "येते" म्हणाली, आणि फोन ठेवून वळली तर आतल्या दारात वडील उभे. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. दुकानात कुठलीही बातमी त्यांना रेडिओच्या आधी कळायची.

"किती वर्षांचा करार?" स्टॅशने विचारलं.

"दोन, तातो."

"दोन म्हणजे बरा आहे. जागा चांगली आहे? सुरुवातीपासून खेळवणार ना, की बाकावर बसवणार?"

"सुरुवातीपासून."

म्हातारा मान हलवत राहिला. "फेरांटेला मी शिव्या दिल्या. हॉलिसला दिल्या. तुला काय देऊ, ते सुचत नाहीये." मग त्याने लेकीचं डोकं छातीशी धरलं आणि तिच्या केसांतच नाक पुसलं. "जा. चांगले सगळे जातातच. मी काय, कापड उसवणारा माणूस, इथेच आहे."

निघायचा दिवस ठरला. त्या दिवशी सकाळी बर्फ थांबला होता आणि उजेड इतका पांढरा होता की दुकानातल्या वस्तूंना सावल्याच नव्हत्या. ब्रोन्याची बॅग दाराशी होती. स्टॅश गाडीखालचा बर्फ उकरायला मागे गेला होता. ओवेन तिला बसपर्यंत सोडायला आला होता आणि दोघंही एकमेकांकडे न बघता शेगडीकडे बघत होती.

"तिकडच्या संघाचं काय?" त्याने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. "त्यांच्यासाठी ओरडणार?"

"मी स्टीमर्सची आहे. हरणाऱ्यांशी एकदा लग्न लागलं की काडीमोड नसतो."

"बघ हं. ऊन लागलं की सगळे असंच..."

तेवढ्यात गावाचा भोंगा वाजला.

आधी खोल, मग चढत चढत, काचा थरथरवणारा. ओवेन उभा राहिला. त्याचा चेहरा क्षणात बदलला, आगीच्या माणसांचा होतो तसा. खुर्चीवरचा कोट उचलून अंगात घालत तो दाराकडे वळला. "गिरणीच्या बाजूला आहे वाटतं. बस चुकवू नकोस. तातोंबरोबर जा. मी..."

ब्रोन्याने त्याच्या पाठीकडे पाहिलं.

कोटाच्या खालच्या कडेला, जिथे तिने स्वतःच्या हाताने मॅगार्व्ही शिवलं होतं, तिथे काही नव्हतं. काळं, जाड, सलग कापड. तिने डोळे मिटले, उघडले. काही नाही. दोन पावलांत ती त्याच्यापाशी पोहोचली आणि तिने कापडावर हात ठेवला. बोटांना अक्षरं लागत होती, एकेक, तिचा तिरपा टाकाही लागत होता. डोळ्यांना दिसत नव्हती.

"सोड, ब्रोन्या. गाडी निघेल."

तिने कोट सोडला नाही. क्षणभर तिच्या मनात आलं, सांगू नये. मला भास झाला असेल. उजेड असेल, रडून रडून डोळे गेले असतील. मग तिला फिनची काजळी आठवली.

"मला तुझं नाव दिसत नाहीये," ती म्हणाली.

तो वळला नाही. दाराच्या कडीवरचा त्याचा हात तसाच राहिला. भोंगा चढत होता, उतरत होता.

"खरंच?"

"माझं बोट त्याच्यावर आहे. ओवेन, मी तुला थांबवत नाही. थांबवायचा मला हक्क नाही. पण तू फिनला सांगितलं नाहीस, मला सांगितलं नाहीस. मी तुला सांगतेय."

बाहेर रस्त्यावरून माणसं पळत गेली. कोणीतरी ओवेनच्या नावाने हाक मारली. काचेतून त्याला शेजारचे दोघे धावताना दिसले, मग तिसरा. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"माझ्याशिवाय गाडी निघते," तो म्हणाला. ते वाक्य होतं की प्रश्न, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. "मी गिरणीत असलो की दरवेळी मला वाटतं, नाही निघणार. पण निघते."

गाडी खरंच निघाली. तिचा आवाज दुकानावरून गेला, तळ्याच्या बाजूला लांबत गेला. ब्रोन्याने मागूनच त्याला मिठी मारली आणि गाल त्या जाड कापडाला टेकवला. कोटाला धुराचा, ओट्सचा आणि थोडा तिचाही वास येत होता. त्याच्या पाठीतून त्याचं काळीज तिच्या कानात धडधडत होतं. दोघं कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

"आता?" शेवटी त्याने विचारलं.

ती एक पाऊल मागे सरली. तिने नीट पाहिलं, घाई केली नाही.

"अजून कोरंच आहे."

त्याने कडीवरचा हात काढला. मग वाकून दाराशी ठेवलेली तिची बॅग उचलली.

"मग आईकडून जाऊ," तो म्हणाला. "तिला मी स्वतः सांगतो. आणि तातोंना सांग, दोघांना सोडायचंय."